पेटीची पट्टी आणि डीजेचे घड्याळ

भजनाला मंडळी बसली की पहिला प्रश्न पट्टीचा असतो. पेटीवाला विचारतो, ‘पट्टी कोणती?’ गाणारा सांगतो, ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’. तबलजी हातोडी घेतो, गट्टे ठोकतो, तबला त्या सुराला आणतो आणि मगच पहिला अभंग सुरू होतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी चाळीस वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवली. या चाळीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य कोणते असेल, तर ते हेच.

आज मात्र मला बोलायचे आहे ते डीजेबद्दल, आणि त्यातही डबस्टेप नावाच्या एका परदेशी संगीतप्रकाराबद्दल. पेटीवाल्याने डीजेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. डीजे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मिरवणुकीतला ट्रक, त्यावर रचलेले ‘चार बेस, दोन टॉप’ आणि छातीत धडधडणारा आवाज. पण त्या ट्रकवर मशीनमागे उभा असलेला मुलगा जेव्हा एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात सुरेल जाऊ पाहतो, तेव्हा तोही तोच प्रश्न विचारत असतो: पट्टी कोणती? त्याच्याकडे पट्ट्यांची नावे वेगळी आहेत, इतकेच. हा प्रश्न पेटीपासून त्याच्या मशीनपर्यंत कसा पोचला, त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

प्रथम पट्टी म्हणजे काय ते पाहू. पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. यांपैकी कोणतीही पट्टी ‘सा’ धरता येते. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, असे करत पांढरी सातपर्यंत बारा ‘सा’ होतात. गाणाऱ्याचा गळा ज्या ‘सा’ला मोकळा लागतो, ती त्याची पट्टी. इंग्रजीत सी, सी शार्प, डी म्हणतात, ते हेच. आपल्या लोकांनी मात्र परकी अक्षरे बाजूला ठेवून डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांवरून आणि आकड्यांवरून नावे दिली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती कळतात.

ही पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. तिचा भाता पायाने चालवावा लागे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी बनवली आणि ती देशभर पसरली. तंबोऱ्यावर ‘सा’ कुठेही लावता येतो, पण त्याला नाव नसते. पेटी आली आणि ‘सा’ला नाव मिळाले. दोन गावांची, एकमेकांना कधी न भेटलेली माणसे यात्रेत एकत्र बसली तरी ‘काळी एक’ एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा मेळ जमू लागला. आमच्या भजनी मंडळांचा सारा व्यवहार या दोन शब्दांवर उभा आहे.

आणि याच पेटीला रेडिओने दाराबाहेर उभे केले होते, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर, म्हणजे त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओवर, पेटीला बंदी झाली. तेव्हा लायोनेल फील्डन हे रेडिओचे प्रमुख होते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणाऱ्या जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने आधीच पेटीवर कडक टीका केली होती. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नको होती. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे बारा सूर कारखान्यात ठरलेले, दोन सुरांमधली मींड तिच्यावर निघत नाही, श्रुतींचे बारकावे तिच्यात मावत नाहीत. स्वातंत्र्यानंतरही बंदी तशीच राहिली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेही या बंदीतच. १९७१ साली बंदी सैल झाली आणि पेटी पुन्हा स्टुडिओत आली. मधल्या ३१ वर्षांत खेड्यांतली पेटी मात्र एक दिवसही थांबली नाही. रेडिओवर पेटी नाही म्हणून देवळातल्या भजनातून कुणी ती उचलून ठेवली नाही. पंडितांनी जो तिचा दोष म्हणून सांगितला, ते ठरलेले बारा सूर, तोच गावाच्या दृष्टीने तिचा गुण होता.

आता वर्ध्याकडे येऊ. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. आश्रमाची सर्वधर्म प्रार्थना आपल्याकडच्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. तिच्यात ‘नम्यो हो’ने सुरू होणारा जपानी बौद्ध मंत्र आहे, ईशोपनिषदातला श्लोक आहे, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे आहेत, कुराणातल्या आयती आहेत, पारशी प्रार्थना आहे, मग भजन आणि रामधून. जपानी मंत्रामागे फुजीई गुरुजींची कथा आहे. हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांचे अनुयायी पुढे आश्रमात राहिले आणि त्यांचा मंत्र प्रार्थनेचा भाग होऊन बसला. पाच-सहा परंपरांची ही वचने एकाच बैठकीत, मधे निवेदन न करता एकामागून एक येतात. ती प्रार्थना ऐकताना पेटीवाला म्हणून माझे लक्ष नेहमी सांध्यांकडे जाते. एक वचन संपताना आवाज ज्या सुरावर विसावतो, त्याच सुराला धरून पुढचे वचन उठते. भाषा बदलते, धर्म बदलतो, सूर हात सोडत नाही. डीजेच्या भाषेत याला ‘सेट’ म्हणतात: वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली गाणी अशी लावायची की ऐकणाऱ्याला मधली फट जाणवू नये.

त्याच १९३६ साली तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला येऊन सुमारे महिनाभर राहिले. त्यांची खंजेरी आणि त्यांची भजने यांनी साऱ्या विदर्भाला वेड लावले होते. मोझरीचा गुरुकुंज आमच्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यातला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आमच्याकडे गावोगाव निघाल्या आणि त्यांच्याबरोबर सामुदायिक प्रार्थना व खंजेरी भजन आले. खंजेरीला पट्टी लागत नाही, पण तिच्याशेजारी पेटी बसली की लागते. पुष्कळ गावांत पेटीवाला तयार झाला तो या भजनांच्या निमित्ताने.

भजनाच्या रात्री पेटीवाल्याचे काम काय असते, हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही. गाणारे बदलत राहतात. पुरुषाची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास असते, बाईची काळी चारच्या आसपास. आता काळी एकला ‘सा’ धरला, तर काळी चार हा त्याचा ‘प’ होतो. म्हणजे पुरुषाचे भजन संपून बाईचे सुरू होते तेव्हा आधीचा पंचम हाच नवा षड्ज बनतो. जाणता पेटीवाला पहिल्या भजनाचा शेवट लांबवतो, हात हळूच पंचमावर आणून ठेवतो, आणि बाईंनी तोंड उघडले की त्यांना त्यांचा ‘सा’ तयार सापडतो. आपल्या शास्त्रात या नात्याला षड्ज-पंचम भाव म्हणतात. सर्वांत जवळचे आणि सर्वांत गोड नाते ते. ज्याला हे साधत नाही तो दोन भजनांच्या मधे पेटी बंद करतो, तबला पुन्हा ठोकला जातो, मंडळी चहाकडे पाहू लागतात आणि जमलेला रंग जातो. पुढे स्केल चेंजर पेट्या आल्या. तिचा पट्ट्यांचा पाट सरकवला की बोटे तीच आणि सूर नवा. ही सोय आधी लाकडात झाली, नंतर संगणकात, एवढे ध्यानात ठेवा.

लग्नातल्या बँडनेही हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. बँडमधली क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही बहुधा काळी पाचला बांधलेली वाद्ये. बोटांना सोपे पडते म्हणून बँडवाले काळी पाच आणि तिच्या शेजारपाजारच्या थोड्या पट्ट्यांतच सगळी गाणी बसवत. त्यामुळे एका सिनेगीतातून दुसऱ्यात जाताना त्यांना फारशी अडचण पडत नसे.

अडचण सुरू झाली ती लाऊडस्पीकरवाल्यापासून, कारण तिथे गाणे आधीच गाऊन ठेवलेले होते. तबकडीवरच्या गाण्याला ‘जरा पट्टी उतरव’ असे सांगता येत नाही. सांगायचेच असेल तर एकच मार्ग: तबकडीचा वेग बदलायचा. ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला त्यांना हे सांगायला नको. टेपचे सेल उतरले की गाणे संथ व्हायचे आणि गायकाचा आवाजही बसायचा. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले. त्याचे गणितही ठरलेले आहे. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला की सूर बरोबर एक पट्टी चढतो. मिनिटाला १३२ ठोक्यांचे, काळी एकमधले गाणे १४० ठोक्यांवर नेले, तर ते पांढरी दोनमध्ये जाऊन बसते.

जपानच्या टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली निघाला आणि १९७९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यावर वेग ८ टक्क्यांपर्यंत वर-खाली करणारी एक सरकपट्टी होती. जगभरच्या डीजेंनी तिच्यावर ठोके जुळवायची कला घोटली. दोन तबकड्या, मधे मिक्सर, एका कानाला हेडफोन, आणि दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर असे बसवायचे की एकच गाणे वाटावे. पण ठोका जुळवायला गेले की सूर हलायचा, आणि सूर राखायला गेले की ठोका निसटायचा. पुढे पायोनिअर कंपनीच्या सीडी वाजवणाऱ्या यंत्रांवर ‘मास्टर टेम्पो’ नावाचे बटण आले. २००१ सालचे तिचे सीडीजे-१००० हे यंत्र जगभर गाजले. हे बटण दाबले की वेग बदलला तरी सूर जागेवर राहतो. ठोका आणि पट्टी यांची गाठ सुटली ती अशी.

आता डबस्टेप. त्याचे मूळ शोधत गेले तर वाट जमैका बेटावर जाते. तिथल्या किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात मोठमोठे स्पीकर वाहनांवर लादून रस्त्यारस्त्यांवर गाणी वाजवणारे लोक होते. त्यांना साउंड सिस्टिम म्हणत. आपल्या डीजेच्या ट्रकचा तो थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. त्याच शहरात किंग टबी नावाने ओळखला जाणारा, विजेची उपकरणे दुरुस्त करणारा एक कसबी माणूस होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, ढोल आणि बेस तेवढे ठेवायचे आणि त्यावर प्रतिध्वनी सोडायचा प्रयोग केला. ते ‘डब’. जमैकातून इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांबरोबर डब लंडनला पोचले. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडन भागातल्या ‘बिग ॲपल’ या तबकड्यांच्या दुकानाभोवती २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत काही पोरे जमू लागली. स्क्रीम आणि बेंगा ही त्यांतली गाजलेली नावे. घरच्या संगणकावर त्यांनी जे रचले ते डबस्टेप. ते दूरवर पोचले मात्र रेडिओमुळे. जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्स यांनी या मंडळींना एकत्र बोलावून एक कार्यक्रम केला आणि लंडनच्या दोन-चार क्लबांपुरते असलेले हे संगीत जगाला ऐकू आले. आपल्याकडे उद्यन सागर ऊर्फ न्यूक्लिया यांनी ‘कूचा मॉन्स्टर’ (२०१३) आणि ‘बेस रानी’ (२०१५) या अल्बममधून या धाटणीच्या जड बेसला आपल्या रस्त्यावरच्या वाद्यांची, आपल्या मिरवणुकीच्या ठेक्यांची जोड दिली. नंतर ते मिरवणुकीच्या ट्रकांवर ऐकू येऊ लागले यात नवल नाही.

डबस्टेपची चाल मिनिटाला १४० ठोक्यांची. पण मुख्य ठोका अर्ध्या वेगाने पडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याची मान ७० च्या गतीने हलते. आपण याला ठाय आणि दुगुन म्हणू. म्हणूनच मिनिटाला ७० मात्रांनी चाललेला भजनी ठेका यावर अलगद बसतो. सुरुवातीला बहुधा सोळा-सोळा पट्ट्यांची, म्हणजे चौसष्ट ठोक्यांची प्रस्तावना असते. १४० च्या गतीने ती साधारण २७ सेकंद चालते. मग क्षणभर शांतता आणि बेस कोसळतो. त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. मला विचाराल तर ती समच आहे. तिहाई घेऊन समेवर येताना श्रोत्यांचा श्वास जसा अडकतो, तसाच इथेही.

या प्रकारात पट्टी जुळवणे दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. एक तर जवळजवळ सर्वच रचना १४० च्या असल्याने वेग बदलावा लागत नाही. सूर ज्याचा तिथे राहतो आणि म्हणून तो जुळतो की नाही ते लगेच उघडे पडते. दुसरे म्हणजे यातला बेस फार खालचा. पांढरी चारचा सर्वांत खालचा बेस घ्या. तो सेकंदाला सुमारे ४३.७ कंपनांचा. तिच्या शेजारची काळी तीन घ्या, तर ४६.२ च्या आसपास. हे दोन्ही बेस एकाच वेळी वाजले, तर फरक सेकंदाला अडीच कंपनांचा. तेवढ्या वेळा आवाज फुगतो आणि बसतो. ‘वाँव-वाँव’ असे काहीतरी ऐकू येते आणि ठोक्याचा जोरच नाहीसा होतो. पेटीचा एखादा स्वर उतरला असेल तर दोन स्वरांच्या मधे जी लहर येते, तीच ही, पण घरे हादरवणाऱ्या आकाराची. म्हणून जाणता डीजे दोन बेस कधी एकत्र ठेवत नाही. नवे गाणे आणताना त्याचा बेस बंद ठेवून वरचे सूर तेवढे आणतो, आणि समेवर, म्हणजे ड्रॉपवर, एकाचा बेस काढून दुसऱ्याचा सोडतो. वरचे सूर एकमेकांवर तेवढा वेळ राहतात. ते जुळतील अशी पट्टी आधीच निवडलेली असावी लागते.

ती निवडण्यासाठी डीजे लोक एक घड्याळ वापरतात. मार्क डेव्हिस यांनी तयार केलेल्या या चक्राला ‘कॅमलॉट’ म्हणतात. त्यात १ ते १२ आकडे असतात आणि प्रत्येक आकड्याचे दोन खण असतात. ‘ए’ म्हणजे मायनर, आपल्याकडच्या आसावरी थाटाचे सूर. ‘बी’ म्हणजे मेजर, आपला बिलावल. नियम सोपा: त्याच खणात राहा, नाहीतर एक घर मागे-पुढे जा, नाहीतर त्याच आकड्याच्या दुसऱ्या खणात जा. हे घड्याळ मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा शेजारची दोन घरे पेटीवर वाजवून पाहिली आणि मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. पांढरी चारचे मायनर घ्या. ते घड्याळात ४ए. पुढचे घर ५ए म्हणजे पांढरी एक, पांढरी चारचा पंचम. मागचे घर ३ए म्हणजे काळी पाच, तिचा मध्यम. आणि ४बी म्हणजे काळी चारचे मेजर, तिचा कोमल गंधार. षड्ज-पंचम भावावर उभारलेले हे सबंध घड्याळ आहे. काळी एकवरून बाईंसाठी काळी चारवर जाणारा आमचा पेटीवाला एक घर पुढे सरकत होता, एवढेच.

आणखी एक गंमत सांगतो. पांढरी चारवरच ‘सा’ धरून बसा आणि या घरांचे सूर वाजवून पाहा. ४एचे सूर आसावरी थाटाचे. ५एकडे गेलात तर फक्त कोमल धैवत शुद्ध होतो आणि काफी थाट तयार होतो. ३एकडे गेलात तर फक्त रिषभ कोमल होतो आणि भैरवी उभी राहते. ४बीकडे गेलात तर एकही सूर बदलत नाही, फक्त ‘सा’ हलतो. आपल्या ग्रंथांत याला मूर्च्छना म्हणतात. म्हणजे शेजारचे घर हे फक्त एका सुराने दूर असते. दोन गाण्यांच्या सात सुरांपैकी सहा समान असतील तर ती एकमेकांवर का खटकत नाहीत, ते यातून कळते. पंडित भातखंड्यांचे दहा थाट ज्याला पाठ आहेत, त्याला हे घड्याळ समजायला एक संध्याकाळ पुरते.

आता यंत्राबद्दल. २००६ साली ‘मिक्स्ड इन की’ नावाचे सॉफ्टवेअर निघाले. गाणे त्याच्यात टाकले की ते पट्टी ओळखून घड्याळाचा आकडा सांगते. आता तर आमच्याकडची पोरे लॅपटॉपवर जे ‘व्हर्च्युअल डीजे’ वापरतात, त्यातही पट्टी दिसते. लंडनच्या गाण्यांसाठी हे बरेच खरे उतरते. आपल्या गाण्यांसाठी मात्र सांभाळून. यंत्र पाहते ते कोणते सूर किती वाजले एवढेच. पांढरी चारची भैरवी त्याला दिली तर ते ३ए, म्हणजे काळी पाच, सांगण्याचा संभव मोठा, कारण सूर तेच आहेत. ‘सा’ कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. ते तंबोऱ्याला आणि कानाला कळते. शिवाय दहा थाटांपैकी भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चार थाटांना त्या घड्याळात खणच नाही. काकड आरतीतली एखादी भैरव अंगाची चाल घेतली तर यंत्र काहीतरी आकडा देणारच, पण तो जवळपासचा अंदाज असतो. जुन्या तबकड्यांचे सूर तर कित्येकदा दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी असतात.

माझा एक पुतण्या डीजे चालवतो. एकदा एक भजन आणि त्यावर डबस्टेपचा बेस असे काहीतरी तो बसवत होता. म्हणाला, ‘काका, मशीन तं जुळते म्हणते, पण कानाले जुळत नाही न.’ मी म्हटले, ‘मग कान खरा धर. पेटी आण आणि पहिले सा शोध.’ पेटी आणली, ‘सा’ सापडला, बेस एक घर मागे घेतला आणि काम झाले. पाच मिनिटांचे काम होते. पण ते पाच मिनिटांचे काम शिकवणारी माणसे गावागावातून कमी होत आहेत. बऱ्याच मंडळांत पेटी आहे आणि वाजवणारा नाही. पट्टी ओळखणारा कान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे द्यायचा असतो. तो दिला नाही, तर लॅपटॉपवरचा आकडा हाच शेवटचा शब्द होईल.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतली मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत लाऊडस्पीकर बंद. मिरवणुकीतला आवाज या आकड्यांच्या कितीतरी पुढे जातो. त्याने म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लहान मुलांना त्रास होतो. त्याबद्दल डीजेची बाजू घेण्याचे कारण नाही. पण आवाज का वाढतो, याचे एक कारण पट्टीत आहे. दोन गाण्यांचे बेस एकमेकांना खाऊ लागले की ठोक्याचा जोर पडतो, आणि तो परत आणायला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. मग दुसरे गाणे, पुन्हा तेच, आणखी एक बटण वर. ज्याला सुराने माणसे धरून ठेवता येत नाहीत, तो जोराने धरू पाहतो. भजनी मंडळातही पट्टी न जुळलेला गायक ओरडूच लागतो. फक्त त्याच्यामागे चार बेस नसतात. ही मुले कापसाच्या जिल्ह्यातली, शेतीला जोडधंदा म्हणून कर्ज काढून सामान घेणारी. त्यांचा धंदा टिकायचा असेल, तर तो कमी आवाजात रंग भरण्याच्या कसबावरच टिकेल. ते कसब शिकवायला लंडनहून कुणाला बोलवावे लागणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. महिन्यातली एक संध्याकाळ भजनी मंडळांनी या मुलांसाठी राखून ठेवावी. मुलांनी लॅपटॉप आणावा, आपण पेटी उघडावी. त्यांच्या घड्याळावर आपल्या बारा पट्ट्यांची नावे लिहून द्यावीत: १२ए म्हणजे काळी एक, १ए म्हणजे काळी चार, असे क्रमाने. त्यांना षड्ज-पंचम भाव सांगावा, भैरवीचा ‘सा’ कसा शोधायचा ते दाखवावे. ते आपल्याला बेस कसा बदलायचा ते दाखवतील, आणि त्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पेटीला ३१ वर्षे रेडिओबाहेर ठेवणारी माणसे अडाणी नव्हती. तिच्यात काय नाही हे त्यांनी नीट पाहिले, तिने काय जोडले ते पाहायचे राहिले. नव्या वाद्याचा निकाल देण्याआधी वाजवणाऱ्याला जवळ बसवून आपला तो जुना प्रश्न विचारावा. त्याला उत्तर देता आले, तर तो आपल्यातलाच आहे. देता आले नाही, तर शिकवायला आपण आहोत.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)